खोली कुणाला मिळाली

कॉलेजच्या नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला त्या एका मुलीला वर्गाबाहेर काढायच्या. कारण काही नसायचं. पंख्याखालच्या बाकावर बसलेल्या एखाद्या मुलीकडे बोट करून म्हणायच्या, "तुम बाहर जाओ." मुलगी गोंधळून इकडेतिकडे बघायची, वही उचलायची आणि जायची. मग त्या फळ्याकडे वळायच्या आणि पाठमोऱ्याच म्हणायच्या की गरमी पुष्कळ आहे, पंख्याखालची जागा रिकामी आहे, कुणाला हवी असेल तर बसा. बनारसमधला ऑगस्ट, कपडे अंगाला चिकटलेले. कुणीतरी उठून तिथे बसायचंच.

तेव्हा त्या वळायच्या आणि विचारायच्या, ती का गेली हे कुणी विचारलं का? मग त्या नव्याने जागा मिळालेल्या मुलीला म्हणायच्या की तू तर आता कधीच विचारणार नाहीस. एवढं झालं की हातात खडू घ्यायचा आणि न बघता, एका दमात, पश्चिम आफ्रिकेचा किनारा फळ्यावर काढायचा. त्यांचा विषय तो होता. गुलामांच्या व्यापाराने तिथली राज्यं कशी घडवली आणि कशी बिघडवली, हा.

मी साताऱ्याहून त्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला आले, तेव्हा माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात एक मुलगी रडवेली उभी दिसली. काय केलंस, विचारलं तर म्हणाली, "पता नहीं." मला राग आला. नवी नोकरी, परकं गाव, त्यात समोरची बाई माझ्या आईच्या वयाची, तरी मी तडक आत गेले आणि विचारलं की या मुलीची चूक काय. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. त्यांनी खडू खाली ठेवला. मुलीला आत बोलावलं, सगळ्यांसमोर हात जोडून तिची माफी मागितली, तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत विचारायला आलेली तू पहिली. नाव काय?"

आडनाव ऐकल्यावर त्या मराठीत बोलू लागल्या. कॉलेजात सगळे त्यांना दीदी म्हणत, लहानथोर सगळे. मी मॅडम म्हटलं तर त्यांना ते आवडलं नाही. "इथे दीदी म्हण, सगळ्यांसारखं. घरी आलीस की मावशी."

घर दूधविनायकाच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. कितव्या पिढीत त्यांचे पूर्वज कोकणातून काशीला आले, हे त्यांना नक्की ठाऊक नव्हतं आणि विचारलं तर कंटाळा यायचा. वडील वेद शिकवत. घरात चालणारं मराठी मजेशीर होतं. 'खूप' त्या कधीच म्हणायच्या नाहीत, 'पुष्कळ' म्हणायच्या. पण त्याच वाक्यात 'लाइट गेली आहे तर पाणी पण नाही येत' हेही असायचं. 'मला मालूम आहे' हे तर दर दोन वाक्यांना. सुती साडी आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, कारण गल्लीतल्या शेणातून आणि घाटाच्या पायऱ्यांवरून चप्पल घालून चालणं मूर्खपणाचं आहे, असं त्यांचं ठाम मत. लग्न केलं नव्हतं. परदेशी कधी गेल्या नव्हत्या. ज्या किनाऱ्याची त्यांना खडान्‌खडा माहिती होती, तो त्यांनी पाहिला नव्हता. समुद्रच मुळी त्यांनी एकदा, मावसबहिणीच्या लग्नाला रत्नागिरीला गेल्या तेव्हा पाहिला होता, आणि फार काही वाटलं नाही म्हणाल्या.

मणिकर्णिकेकडे जाणारी प्रेतयात्रा गल्लीतून आली की लोक भिंतीला चिकटून वाट देतात. त्याही द्यायच्या. पण बोलणं मध्येच राहिलेलं असलं तर यात्रा गेल्यावर बरोबर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायच्या.

काही शब्दांशी त्यांचं वैर होतं. त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईंना मी एकदा 'तुमची बाई' म्हटलं, तर मावशींनी मला त्या बाईंचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं आणि पुन्हा वाक्य बोलायला लावलं. दुसरा शब्द 'बटीक'. मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमाला पुण्याहून एक वक्ते आले होते. रंगात येऊन म्हणाले की आजकाल लेखणी सत्तेची बटीक झाली आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्यावर मावशी उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, "बटीक म्हणजे कोण, तेवढं सांगता का?" वक्त्यांनी आधी हसून, मग जरा चिडून सांगितलं की दासी. त्यांनी पुढे विचारलं की ती दासी कशी झाली, तिला कुणी आणलं, कुणी ठरवलं. संयोजकांनी चहा जाहीर केला.

त्या दिवशी परतताना मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी मला सांगितलं की आपण आफ्रिकेपर्यंत कशा पोचलो. एम.ए.ला असताना त्या पेशवाईचे छापलेले कागद वाचत होत्या. त्यांत त्यांना एका बाईबद्दलचा हुकूम सापडला. बाईवर बदकर्माचा ठपका होता आणि तिला सरकारात कुणबीण, म्हणजे दासी, म्हणून जमा केलं होतं. तशा पुष्कळ बायका होत्या. त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. बाईचा गुन्हा अर्ध्या ओळीत उरकला होता. ती कोणत्या पागेत जायची, वाटेत तिच्यासोबत कोण, तिच्या शिध्याचं काय, ते मात्र सविस्तर.

"मला वाटलं, हा न्यायनिवाडा नाही," त्या म्हणाल्या. "पागेला बाई हवी होती. मग गुन्हा शोधला."

हे फक्त आपल्याकडेच होतं की आणखी कुठे, हे बघायला त्या निघाल्या आणि आयुष्य त्यातच गेलं. आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर त्यांना तेच पुष्कळ मोठ्या मापाने दिसलं. किती तरी गावांत आधी पंचायत बसे, चोराला दंड करी, भांडण मिटवी. मुखियाला गावाचं ऐकावं लागे, कारण गावाशिवाय त्याला कोण विचारतो? मग जहाजं आली. जहाजवाल्यांना माणसं हवी होती आणि त्यांच्याकडे बंदुका होत्या. हळूहळू शिक्षा म्हणजे विक्री असं झालं. पूर्वी ज्या चुकीला बकरी द्यावी लागे, त्या चुकीला आता माणूस जाऊ लागला. मग चुकाही वाढल्या. मुखियाला आता गावाची गरज उरली नव्हती, त्याची ताकद जहाजातून येत होती. लोक परक्याला नाव सांगेनासे झाले, शेजाऱ्याच्या दारात मूल पाठवेनासे झाले. पुढे व्यापार बंद झाला, पण ज्यांनी जहाजं भरली त्यांच्या खुर्च्या तशाच राहिल्या. नंतर आलेल्या गोऱ्या साहेबांनी त्याच खुर्च्यांवरून कर गोळा केला, वेठ करून घेतली. लोकांच्या मनात सरकार म्हणजे माणूस उचलून नेणारं काहीतरी, हे बसलं ते बसलं.

कुणी विद्यार्थिनी म्हणाली की म्हणजे त्यांनीच आपली माणसं विकली, त्यांचीच चूक, तर मावशींचा आवाज चढायचा. एरवी कधी चढायचा नाही. विकत घेणारा किनाऱ्यावर उभा होता म्हणून विकणारा तयार झाला, हे आधी लिहून काढ, मग पुढचं बोल, असं सांगायच्या.

हे सगळं शिकवून घरी जाऊन गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. त्यामुळे लोक त्यांना टाळत. गणपतीत मराठी मंडळात मोदकांची स्पर्धा असे आणि परीक्षकांनी नापास केलेले मोदक परीक्षकच डब्यात भरून नेत. वर्षानुवर्षांची रीत. मावशींनी सभेत मुद्दा काढला की जो निकाल देतो त्याला उरलेले मोदक मिळता कामा नयेत. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. परीक्षक एक वयस्कर काकू होत्या, त्यांना इतकं लागलं की त्यांनी दोन वर्षं मावशींशी बोलणं टाकलं. पण पुढच्या वर्षापासून उरलेले मोदक नावाड्यांच्या घरी जाऊ लागले, आणि मावशींच्या म्हणण्याप्रमाणे बक्षिसंही जरा जास्त मोदकांना मिळू लागली. हे खरं की त्यांना तसं वाटलं, मला सांगता येणार नाही.

अशा बाईला कॉलेजच्या अनुशासन समितीवर कुणी घेतलं, हे कोडं आहे. बहुधा ज्येष्ठतेने नाव लागलं असावं.

आमच्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह लहान होतं. गाझीपूर, चंदौली, बलियाकडच्या मुली तिथे राहत. खोली मिळाली तर शिक्षण, नाही तर घरी परत, असा सरळ हिशोब असे. बाहेर भाड्याने राहू देणारे बाप थोडे. शिस्त मोडली तर मुलीला काढायचा अधिकार अनुशासन समितीला होता आणि रिकामी झालेली खोली कुणाला द्यायची हेही तीच समिती ठरवी. सोय म्हणून. उगाच दोन समित्या कशाला.

मावशी पहिल्या बैठकीला गेल्या तेव्हा गाझीपूरच्या एका मुलीचं प्रकरण होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि ही पुन्हा उशिरा आली होती. मुलीचं म्हणणं असं की रस्त्यात मिरवणूक अडकली म्हणून तिने वॉर्डनना फोन केला होता. वॉर्डनना आठवत नव्हतं. मावशींनी विचारलं, मुलगी कुठे आहे. तिला कशाला बोलवायचं, वॉर्डनचा अहवाल आहे ना, असं उत्तर मिळालं. मावशींचं एक मत विरोधात पडलं आणि मुलीला काढलं.

आठवड्याने त्यांनी विचारलं, "कमरा किसको मिला?"

समितीवर संस्कृतचे एक प्राध्यापक होते. अतिशय भले गृहस्थ. गरीब मुलींना स्वतःची पुस्तकं देत. ते म्हणाले की आमच्या गावाकडची मुलगी आहे, वडील अंथरुणाला खिळलेले, पोरगी हुशार. यातलं अक्षर खोटं नव्हतं.

मावशी वसतिगृहात जाऊन मुलींशी बोलल्या. जुन्या मुलींकडून, सफाईला येणाऱ्या बायकांकडून त्यांना कळलं की हिवाळ्यात कुणी उशिरा आली तर रागावून सोडतात. काढलं जातं ते पावसाळ्यात, प्रवेश संपल्यावर, जेव्हा खोलीसाठी चिठ्ठ्या आणि फोन येत असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं. "ज्या दिवसांत खोली मागणारे दारात उभे असतात, त्याच दिवसांत आपल्या मुली बिघडतात," असं त्या हिंदीत म्हणाल्या.

संस्कृतच्या प्राध्यापकांचे डोळे भरून आले. तुम्ही आमच्यावर आरोप करता आहात, ते म्हणाले. मावशी म्हणाल्या की नाही, तुम्ही सगळे सज्जन आहात, हे मला मालूम आहे. शिक्षा देणारा आणि खोली देणारा वेगळा करा, एवढंच मागते. मागणी फेटाळली गेली.

गाझीपूरच्या त्या मुलीला काढलं तेव्हाच तिचे वडील तिला न्यायला आले होते. फाटकाबाहेर पत्र्याची पेटी घेऊन बापलेक उभे. वडील शेतकी खात्यातले कारकून, अबोल. मुलगी रडत नव्हती. ती फाटकाकडे बघत होती. मावशी मला घेऊन तिथे गेल्या आणि वडिलांना म्हणाल्या की प्रकरण पुन्हा उभं राहीपर्यंत ही माझ्याकडे राहील. वडील आमच्याबरोबर चालत दूधविनायकापर्यंत आले. तीन मजले चढले, दोन्ही खोल्या बघितल्या, गच्ची बघितली. मग एकच प्रश्न विचारला, दार किती वाजता बंद होतं. मावशींनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, सात. त्या दाराची कडी कित्येक वर्षं लागत नव्हती, हे मला ठाऊक होतं. वडिलांनी पेटी खाली ठेवली.

मुलगी तिथे राहू लागली. पुढच्या खोलीत खाट, खिडकीखाली अभ्यासाचं टेबल. तिची आणि मावशींची सुरुवातीला बरी गट्टी जमली. दोघींनाही सकाळी कचौडी लागायची. पण मुलीला रोज कॉलेजात जाताना वसतिगृहाच्या समोरून जावं लागे आणि तिच्या खिडकीत दुसरीची ओढणी वाळत असे. शिवाय गावात पसरलं होतं की हिला काढलं. कशासाठी, हे लोक आपापल्या मनाने भरत होते. तिला खोली हवी होती ती राहायला म्हणून कमी आणि तोंड वर करून चालता यावं म्हणून जास्त.

दिवाळीनंतर प्राचार्यांनी मावशींना बोलावलं. मी बरोबर होते. प्राचार्या व्यवहारी बाई होत्या, त्यांना हे रोजचं भांडण नको होतं. त्यांनी तोडगा काढला होता. मावशींनी समितीचं अध्यक्ष व्हावं. शिक्षाही त्यांच्या हातात, खोल्याही त्यांच्याच. सध्याच्या सदस्यांना दुसरीकडे टाकू. गाझीपूरच्या मुलीला त्यांनी उद्याच परत घ्यावं, कुणी हरकत घेणार नाही.

"आपके जैसे लोग हों तो नियम की क्या ज़रूरत है?" प्राचार्या म्हणाल्या, आणि हे त्या मनापासून म्हणाल्या.

मावशी म्हणाल्या, "मेरे बाद कौन बैठेगा, आपको मालूम है? मुझे नहीं." आणि नको म्हणून उठल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडले. मला अजूनही वाटतं की माझं चुकलं नव्हतं. मी म्हणाले की आधी मुलीला आत घ्या, हातात अधिकार आला की नियम तुम्हीच बदला. तुम्हाला अडवणार कोण?

"मी बदलणार नाही," त्या म्हणाल्या.

"का नाही बदलणार?"

"कारण मला ते बरं वाटेल. मी नीट काम करेन. चांगल्या मुलींना खोल्या देईन. लोक म्हणतील, दीदी आहेत तर सगळं ठीक आहे. मग मी कशाला सोडेन? आज मला हे दिसतं आहे, कारण हातात काही नाही. आजच बोलून घेऊ दे."

आम्ही तशाच घरी गेलो. त्यांनी मुलीपासून काही लपवलं नाही. जिना चढून आल्या, बूट काढले आणि तिला समोर बसवून सांगितलं की उद्या तुला खोली मिळत होती आणि मी नको म्हणाले. का, तेही सांगितलं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, ये आपकी किताब की बात है. मेरा तो घर का मामला है."

मावशी म्हणाल्या, "हो. ते खरं आहे."

त्यानंतरचे महिने त्या घरात बसवत नसे. मुलगी पेटी उचलून गेली नाही, कारण जायचं तर गावी आणि मग शिक्षण संपलं. पण ती मावशींशी बोलेना. आपलं ताट आपण वाढून घेई, खिडकीकडे तोंड करून जेवी. मावशी तिला रोज सकाळी विचारायच्या, काही हवं का. ती मान हलवी. मी म्हटलं की तुम्ही तिला समजावत का नाही. त्या म्हणाल्या की तिने का समजून घ्यावं? नुकसान तिचं होतं आहे, राग तिचाच. माझ्या घरात राहते म्हणून तिने रागावायचं नाही, असं झालं तर मग माझ्यात आणि त्या समितीत फरक काय?

आणि दर महिन्याच्या स्टाफ मीटिंगमध्ये त्या तोच प्रस्ताव मांडत. शिक्षा देणारी समिती वेगळी, खोली देणारी वेगळी, आणि मुलीचं ऐकल्याशिवाय निर्णय नाही. मी अनुमोदन देई. हात मोजावे लागतच नसत. लोक घड्याळाकडे बघायचे, कुणी सामोसे मागवायचे. त्यांचं बोलणं कधी लांबलं नाही, कधी कडवट झालं नाही. प्रस्ताव पडला की बसायच्या आणि पुढच्या विषयावर चांगलं मत द्यायच्या. एकदा त्यांना ताप होता. मी म्हटलं, या वेळी राहू द्या. अंगावर शाल घेऊन आल्या, प्रस्ताव मांडला, पाडून घेतला आणि रिक्षाने घरी गेल्या. अनुशासन समितीवरून त्यांचं नाव तोवर कमी झालं होतं. त्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

मुलगी दुसरं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाली. निकाल तिने मला सांगितला, मावशींना नाही. मावशींनी माझ्याकडून ऐकला आणि गच्चीवर जाऊन उगाचच कपडे गोळा करत राहिल्या.

पावसाळा आला. प्रवेश झाले, खोल्यांसाठी फोन सुरू झाले. आणि संस्कृतच्या प्राध्यापकांनी आणलेली ती मुलगी, जिचे वडील अंथरुणाला खिळले होते, ती वडिलांना भेटून परतताना गाडी लेट झाल्यामुळे सातच्या नंतर पोचली. आधीही एकदा पोचली होती. वॉर्डनचा अहवाल आला. समितीवर या वर्षी नवे सदस्य होते, त्यांच्यापैकी एकाच्या ओळखीची मुलगी खोलीसाठी थांबलेली होती. प्राध्यापकांनी सांगून पाहिलं की मुलगी चांगली आहे, हुशार आहे. सगळे मान डोलवत राहिले. मुलीला बोलवा, ते म्हणाले. तिला कशाला बोलवायचं, वॉर्डनचा अहवाल आहे ना, असं उत्तर त्यांना मिळालं आणि मुलीला काढायचं ठरलं.

त्या महिन्याच्या मीटिंगला मावशी नेहमीसारख्या उभ्या राहायला लागल्या, तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून प्राध्यापक उठले. म्हणाले की दीदी, आज प्रस्ताव मी मांडतो. त्यांनी मागच्या वर्षी गाझीपूरच्या मुलीच्या बाबतीत आपण काय म्हणालो होतो ते जसंच्या तसं सांगितलं, मग या वर्षी आपल्याला काय ऐकवलं गेलं ते सांगितलं. दोन्ही वाक्यं एकच होती. बाकी काही बोलावं लागलं नाही. सामोसे मागवणाऱ्यांनीही हात वर केले. प्राचार्यांनी लगेच लिहून घेतलं. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं.

मावशींचा चेहरा मी बघत होते. विजयाचा काही भाव नव्हता. त्या प्राध्यापकांकडे गेल्या आणि म्हणाल्या की तुमच्या गावच्या मुलीची सुनावणी पहिली घ्या, तिचे वडील आजारी आहेत.

दोन्ही मुलींचं प्रकरण पुन्हा ऐकलं गेलं, या वेळी मुलींना समोर बसवून. गाझीपूरच्या मुलीने आपल्या जपून ठेवलेल्या जुन्या फोनमध्ये वॉर्डनना केलेला कॉल दाखवला. वर्षभर तो कुणी बघायलाच मागितला नव्हता. वॉर्डननी तिची माफी मागितली. पण तिची जुनी खोली त्या दुसऱ्या मुलीकडेच राहिली. तिला तिथून हलवायचं नाही, असं मावशींनीच बजावलं होतं. रिकामी होईल ती पहिली खोली हिला द्यायची असं नव्या समितीने ठरवलं आणि दसऱ्याला ती मिळाली.

मुलीने त्याच दिवशी पेटी भरली. मला वाटलं होतं की ती आता मावशींकडेच राहील, वर्षच तर राहिलं होतं. ती म्हणाली, मला माझ्या खोलीत जायचं आहे. मावशी इतक्या खूश झालेल्या मी क्वचित पाहिल्या. पेटीचं एक कडं त्यांनी स्वतः धरलं आणि तीन मजले उतरल्या. जिन्यात दोघी भांडत होत्या. मुलगी म्हणत होती की तुम्ही ते पद घ्यायला हवं होतं, माझं वर्ष फुकट रागावण्यात गेलं. मावशी म्हणत होत्या, घेतलं असतं तर आज तू मला नमस्कार करत बसली असतीस, भांडत नसतीस. खाली आल्यावर मुलगी वाकायला लागली, तर मावशींनी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं.

आज ती गाझीपूरला वकिली करते. तिचं मत बदललेलं नाही. फोनवर बोलणं झालं की अजून मला सांगते, दीदी चुकल्या. पण मुलीचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देणाऱ्या पंचायतींच्या विरोधात ती जितके खटले लढते, तितके त्या भागात दुसरं कुणी लढत नसेल.

मी पुढे साताऱ्याला परत आले. मागच्या डिसेंबरात त्याच कॉलेजातून बोलावणं आलं, मुलाखतींसाठी बाहेरची तज्ज्ञ म्हणून. प्राचार्य नवे होते. चहाच्या वेळी ते तक्रार करत होते की इथे प्रत्येक गोष्टीला दोन समित्या आहेत. वसतिगृहाचंच बघा, शिक्षा एक समिती देते, खोल्या दुसरी. मी एक करून टाकणार आहे म्हणाले. समोर इंग्रजी शिकवणारी एक तरुण मुलगी बसली होती, नुकतीच लागलेली. ती सहज म्हणाली, "सर, यहाँ ऐसा नहीं होता."

प्राचार्यांनी विचारलं, का नाही होत.

"मालूम नहीं, सर. पर यहाँ ऐसा ही है. कोई मानेगा नहीं." शेजारच्या दोघींनी मान हलवली. त्यांतल्या कुणालाही कारण ठाऊक नव्हतं. प्राचार्यांनी विषय बदलला.

मी मुलाखती संपवून धावतच दूधविनायकाला गेले. मावशी आता फारशा खाली उतरत नाहीत, गुडघे गेले आहेत. गच्चीवर उन्हात मोठी परात घेऊन मटार सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, ती मुलगी काय म्हणाली, कशी म्हणाली, बाकीच्यांनी मान कशी हलवली.

"माझं नाव घेतलं कुणी?"

मी नाही म्हणाले.

"कुणालाच मालूम नाही?"

"नाही, मावशी."

त्यांनी डोळे मिटले आणि उन्हाकडे तोंड केलं. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. पण त्या हसत होत्या.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाव असतं, तर कुणीतरी नियमासकट पुसलं असतं."

मग परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या की चूडा-मटर, इथले मटार-पोहे, खाल्ल्याशिवाय आज जायचं नाही.